कानाकडे कानाडोळा

आमच्या मारुंजीला हल्ली समुद्राचं भारी वेड लागलंय. गाव मुळशी तालुक्यातलं, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि जवळचं मोठं पाणी म्हणाल तर कासारसाईचं धरण. पण हिंजवडीच्या कंपन्यांतली ही तरुण मंडळी शुक्रवारी रात्री गाडी काढतात, शनिवारी सकाळी मालवणात पोचतात, समुद्राखाली जाऊन माशांबरोबर चित्रीकरण करून घेतात आणि सोमवारी पुन्हा लक्ष्मी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये हजर! गेल्या हिवाळ्यात आमच्या लिफ्टमध्ये मला चार वेगवेगळ्या जणांनी मोबाइलवर तोच व्हिडिओ दाखवला. माणूस वेगळा, मासे तेच.

मला याचं कौतुकच आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, म्हातारीला नवं काही बघवत नाही. आमच्या पिढीतल्या बायकांनी समुद्र पाहिला तो साडी घोट्यापर्यंत उचलून. आता नाती थेट तळाशी जाऊन बघतायत, यात वाईट ते काय? मालवणच्या पोरांच्या हाताला त्यातून काम मिळतं, तेही चांगलंच. पण या सगळ्या उत्साहात एका अवयवाची कोणी साधी चौकशीसुद्धा करत नाही. कानाची. आपल्या भाषेत कान पिळायला, उपटायला, टोचायला, फुंकायला सगळ्याला शब्द आहेत, आणि दुर्लक्ष करण्याला आपण म्हणतो कानाडोळा. इथे तर खुद्द कानाकडेच कानाडोळा चाललाय.

निमित्त झालं आमच्या नातीचं. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. मला सिंधुदुर्ग किल्ला पुन्हा एकदा बघायचा होता, तिला पाण्याखाली जायचं होतं. तिला आठवडाभर सर्दी होती. इथल्या हवेत ती कोणाला नसते म्हणा! एका बाजूला टॉवर चढतायत, दुसऱ्या बाजूला काँक्रीटचे मिक्सर फिरतायत, आणि दिवाळीनंतर आमच्या गॅलरीतल्या तुळशीचं पान बोटाने पुसलं तर बोट राखाडी होतं. पण बुकिंग महिनाभर आधीचं, पैसे भरलेले, रजा टाकलेली. सर्दीची गोळी घेतली आणि गेली.

उतरण्याआधी होडीत तिला काय सांगितलं? तोंडाने श्वास घ्या, नाक दाबून फुंकर मारा, सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल दाखवा. बस्स. दोन मिनिटांत शिक्षण संपलं. सोबतचा मुलगा मोठा गोड होता, म्हणाला, "घाबरू नको गो, कायएक होवचा नाय." पाण्यात सहा-सात फुटांवरच तिचा उजवा कान दुखायला लागला. डावा फुंकर मारल्यावर सुटला, उजवा सुटेना. त्याने खूण करून विचारलं, ठीक? हिने गोल दाखवला. पुन्हा खाली. पुन्हा ठीक? पुन्हा गोल. वर आली तेव्हा नाकातून थोडं रक्त आलेलं आणि उजव्या कानात कोणीतरी बोळा कोंबल्यासारखं.

येताना चारशे किलोमीटर ती गाडीत गप्प बसून होती. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी लगेच लसूण घालून तेल कोमट करायला घेतलं. मी त्यांना हात जोडून थांबवलं. कानाचा प्रकार काय झालाय ते कळल्याशिवाय त्यात थेंबसुद्धा घालायचा नाही. वाकडच्या डॉक्टरांनी दुर्बीण लावून बघितलं तर पडदा लाल झालेला, त्याच्या मागे पाणी साठलेलं, भोक मात्र नव्हतं. काही आठवडे पोहणं बंद, जोरात नाक शिंकरणं बंद. तेलाबद्दल विचारलं तर ते हसले. "आजी, दुखणं पडद्याच्या आत आहे, तेल पडद्याच्या बाहेर राहणार. आणि पडदा फाटलेला असता तर ते तेल आत गेलं असतं, म्हणजे आणखी वाईट."

कान बरा झाला. पण पोरीच्या मनात भलतंच बसलं. बरोबरच्या सगळ्यांना जमलं, मला एकटीला जमलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. घरातल्या काही शहाण्यांनी (नावं घेत नाही, वाचतील ते समजतील) "तुझे कान पहिल्यापासून नाजूकच" असा शिक्काही मारून टाकला. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय मी. "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हे वाक्य मला ओळखू येतं, आणि बहुतेक वेळा ते शिकवणाऱ्याच्या घाईतून जन्माला आलेलं असतं, हेही मला माहीत आहे.

मी मराठीची बी. ए., पण मराठीबरोबर भूगोलही शिकवला, त्यामुळे वायुदाब माझ्या परिचयाचा. तो हिशेब मी नातीला मांडून दाखवला, तोच तुमच्यासाठी मांडते.

ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाताना आपले कान दडे बसल्यासारखे होतात. का? तर वर हवेचा दाब कमी, खाली जास्त. पडद्याच्या आतल्या पोकळीत वरची विरळ हवा अडकलेली असते आणि बाहेरची दाट हवा पडद्याला आत ढकलते. आपण आवंढा गिळतो, "टक्" होतं आणि बरं वाटतं. आता बघा, साधारण सहाशे मीटरचा हा उतार उतरून दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात केवळ दोन-सव्वादोन फूट खाली गेलं की वाढतो! म्हणजे सोसायटीच्या साडेचार फुटी तलावाच्या तळाशी बुडी मारली तर कानाने दोन घाट उतरले. विमानाचं बघा. आत दाब राखलेला असतो, फार तर आठ हजार फुटांवर असल्यासारखी हवा. तिथून समुद्रसपाटीला येताना कानावर जो फरक पडतो तो साधारण अडीच मीटर पाण्याएवढा, आणि तोही वीस-पंचवीस मिनिटांत सावकाश. तरी तान्ही बाळं किंचाळतात. त्यांच्या कानाची नळी आखूड आणि आडवी असते, शिवाय आवंढा गिळायचं त्यांना कोण सांगणार? (म्हणून न्यू जर्सीच्या आमच्या पुतणीला मी दर वेळी सांगते, विमान उतरताना बाळाला पाजायला घे.)

आणि समुद्रात? दहा मीटर खाली गेलात की दाब दुप्पट. माझ्या हिशेबाने हे चौदा-पंधरा ताम्हिणी घाट झाले, आणि नवख्या माणसाला तिथे दोन मिनिटांत नेतात. पुढची गंमत आणखी आहे. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब एकाचा दोन होतो, आतली हवा निम्म्या जागेत येते. पुढच्या दहा मीटरमध्ये दोनाचा तीन. म्हणजे खोल गेल्यावर कानाला त्या मानाने सोपं जातं. अवघड असतात ते वरचेच पंधरा-वीस फूट. तेव्हा "फक्त वीस फूट तर जायचंय, त्यात काय!" असं जे पर्यटकांना सांगतात ते कानाच्या बाबतीत अगदी उलटं आहे. अनुभवी माणूस वीस मीटरला जातो तेव्हाही त्याच्या कानाची खरी परीक्षा वरच झालेली असते.

पडद्यामागच्या पोकळीतून एक नळी घशाच्या मागे, नाकाच्या पाठीमागच्या बाजूला उघडते. शाळेच्या पुस्तकात ती युस्टेशियन नलिका म्हणून होती, सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून. एरवी ही नळी मिटलेली असते. जांभई दिली, आवंढा गिळला की टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. नाक दाबून फुंकर मारायची युक्ती ओळखली जाते ती वाल्साल्वा या दुसऱ्या इटालियनाच्या नावाने, त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ सालचा. त्याच्या काळी पाण्याखाली कोण जात होतं! तो ही युक्ती कानातला पू बाहेर काढायला सांगत असे. दुसरी रीत टॉयन्बीची, नाक दाबून आवंढा गिळायचा. हा लंडनचा कानाचा डॉक्टर. कानात आवाज येण्यावर उपाय शोधताना स्वतःवरच विषारी वाफेचा प्रयोग करून १८६६ साली बिचारा गेला. तिसरी फ्रेन्झेल नावाच्या जर्मन डॉक्टरची, दुसऱ्या महायुद्धात सूर मारणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना शिकवलेली. तिच्यात छातीचा जोर नाही, जिभेचा मागचा भाग पिचकारीच्या दट्ट्यासारखा वापरून हवा वर ढकलायची. सांगायचा मुद्दा असा की रीती तीन आहेत, आणखीही आहेत. एकाला एक जमते, दुसऱ्याला दुसरी. आणि होडीत शिकवतात त्यातली एकच, तीही अर्धी!

अर्धी अशासाठी की "केव्हा" ते कोणी सांगत नाही. दुखायला लागल्यावर फुंकर मारायची असं सगळ्यांना वाटतं, पण दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला. दाबाने नळीचं तोंड एकदा चिकटलं की मग कितीही जोर करा, ते उघडत नाही. उलट फार जोर केला तर आतल्या कानाला इजा होते, आणि ती कायमचीही असू शकते. म्हणून पाण्यात शिरण्याआधी एकदा, मग दर दोन-तीन फुटांना, दुखो न दुखो, कान मोकळा करत जायचं. नाहीच झाला तर थोडं वर यायचं, तिथे मोकळा करायचा, पुन्हा उतरायचं. तरी नाही झाला तर त्या दिवसापुरता समुद्राला नमस्कार. डोकं खाली करून जाण्यापेक्षा पाय खाली ठेवून, दोर धरून सावकाश उतरलं तर कान लवकर सुटतात. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. गोळी घेऊन तर मुळीच नाही, कारण गोळीचा असर पाण्याखाली असताना उतरला तर वर येताना आतली फुगलेली हवा कोंडते आणि तेही तितकंच भयंकर दुखतं. हे सगळं सांगायला किती वेळ लागतो? मी आत्ता सांगितलं, पाच मिनिटं!

मालवणात चांगलं शिकवणारे नाहीत असं मुळीच नाही. तारकर्लीला आपल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाच आहे. पाडीसारख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तर उतरण्याआधी तब्येतीची प्रश्नावली भरून घेतात, त्यात कान, सायनस, दमा सगळं विचारलेलं असतं. माझा आक्षेप आहे तो पंधरा मिनिटांच्या सहलीवाल्या डुबकीबद्दल. शिकणारे थोडे, डुबकीवाले पुष्कळ. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले, तेव्हा लाइफ जॅकेट, होडीतली माणसं, परवाने यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कानाने कोणी मरत नाही, म्हणून कानाची बातमी होत नाही. माणूस घरी येतो, महिनाभर एका कानाने कमी ऐकतो आणि कोणाला सांगतही नाही.

का सांगत नाही? इथे मला माझा वर्ग आठवतो. धडा संपवून "समजलं का?" विचारलं की साठ मुलं एका सुरात "हो बाई!" म्हणत. त्या "हो बाई"ला काही अर्थ नसतो. बाईंना पुढे जायचंय हे मुलांना कळलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याखालचा तो अंगठ्याचा आणि बोटाचा गोल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, "हो बाई"च आहे. आमच्या नातीने कान ठणकत असताना दोनदा गोल दाखवला. मी विचारलं, "अगं, का दाखवलास?" तर म्हणाली, "आजी, तो इतका वेळ थांबला होता, वर होडीत दुसरे थांबले होते. आणि व्हिडिओ चालू होता."

शिक्षकाने "समजलं का" विचारूच नये, "सांग बघू" म्हणावं, हे मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगत आले. पाण्याखाली "सांग बघू" म्हणता येत नाही हे खरं. पण दर दोन-तीन फुटांवर थांबून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवता येतं, आणि समोरच्याने नाक दाबून कान मोकळा केलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली न्यायचं नाही, एवढं तर करता येतं ना? शिवाय कान सुटत नसला की काय खूण करायची, तीही आधी शिकवायला हवी. पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग कानाकडे बोट. ही खूण आमच्या नातीला कोणी दाखवलीच नव्हती. आणि आपल्याकडे मस्त चाललंय म्हणून अंगठा वर दाखवायची सवय, तर डायव्हरांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे "वर चल"! सगळं झकास असलेला माणूस वर येतो आणि कान फुटायला आलेला खाली जातो, असा हा कारभार.

आता पैशाचं. आम्ही गेलो तिथे नियम असा होता, एकदा पाण्यात उतरलात की पैसे परत नाहीत. आमचा मुलगा हिशेबातला माणूस. तो म्हणतो, "आई, त्यांचंही बरोबर आहे. होडीचं डिझेल, सिलिंडर भरणं, माणसाचा रोज, सगळं खर्च झालेलंच असतं. आणि हंगाम किती? पावसाळा आला की सगळं बंद." मला त्याचं म्हणणं पटतं, निम्मं. कारण या एका नियमाने कान दुखणारा माणूस पाण्याखाली दात-ओठ खात राहतो, पैसे वसूल करायला. आणि नेणारा मुलगा दिवसाला जितक्या डुबक्या तितकी कमाई, म्हणून घाईत असतो. दोघांपैकी एकही वाईट नाही. हिशेबच असा बसवलाय की सगळा भार जाऊन पडतो तो कानाच्या पडद्यावर. माझं म्हणणं इतकंच की पैसे परत देऊ नका, पण कान न सुटल्यामुळे वर आलेल्याला त्याच हंगामात दुसऱ्यांदा येण्याची चिठ्ठी द्या. यात डिझेल फार जात नाही. आणि होडीत चढण्याआधी किनाऱ्यावर पाच मिनिटं, मराठीत, हिंदीत, कानाचा धडा. परवाना देताना सरकारने एवढी अट घातली तर कोणाचं काय बिघडणार आहे? मुलगा म्हणतो, चिठ्ठीचा कोणीही गैरफायदा घेईल. घेतील चार जण. बाकीच्यांचे कान वाचतील.

नातीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर तिने घरी सराव सुरू केला. सकाळी आरशासमोर उभी राहून नाक दाबून आवंढा गिळायची. जबडा पुढे काढून जांभई अडवायची. आमची स्वयंपाकाची बाई एकदा घाबरून मला बोलवायला आली, ताईंना काहीतरी होतंय म्हणून! मग उन्हाळ्यात सोसायटीच्या तलावात, पायऱ्यांवरून एकेक करत. उजवा कान डाव्यापेक्षा उशिरा सुटतो हे तिला तिथे कळलं. टॉयन्बीची रीत तिला लागू पडते, वाल्साल्वाची नाही, हेही कळलं. हे मालवणला दोन मिनिटांत कळणं शक्यच नव्हतं.

नोव्हेंबरात तिने दुसऱ्या एका ठिकाणी रीतसर अभ्यासक्रम केला. तिथली शिक्षिका चाळिशीची होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, माझाही डावा कान उशिरा सुटतो, मी इतकी वर्षं दोर धरूनच उतरते. पहिल्या डुबकीला नातीला वरचे वीस फूट उतरायला नऊ मिनिटं लागली. बरोबरचा एक मुलगा दीड मिनिटात तळाशी जाऊन वाट बघत बसला होता. शिक्षिका तिच्याबरोबर दोराला लटकून राहिली, घड्याळाकडे एकदाही न बघता. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळी नाक चोंदलेलं होतं. नातीने स्वतःहून सांगितलं, आज नाही. दिवसभर होडीत बसून राहिली. चौथ्या दिवशी राहिलेल्या डुबक्या केल्या, प्रमाणपत्र मिळालं, अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी आहे आता.

मला त्या प्रमाणपत्रापेक्षा त्या तिसऱ्या दिवसाचं जास्त वाटलं. घरातल्या शहाण्यांनी अर्थातच विचारलं, "पैसे भरून होडीत बसून राहिलीस?" ती म्हणाली, "हो."

डिसेंबरात ती मैत्रिणींना घेऊन पुन्हा मालवणला जाणार आहे. मैत्रिणींचा कानाचा तास आमच्या हॉलमध्ये परवाच झाला, चहा-पोह्यांसह. पाच जणींपैकी दोघींचा एक कान सुटत नव्हता, त्यांना पायऱ्यांवरचा सराव दिलाय. तुळशीच्या पानावर धूळ बसायला लागलीच आहे. तोवर कोणाला सर्दी झाली नाही तर जातील. झालीच तर किल्ला आहेच बघायला.